सुखाची मर्यादा आणि तृप्ति

सुखाचा उपभोग घ्यावा कीं त्याग करावा, हा प्रश्न मनुष्याइतकाच जुना आहे. आयुष्य थोडें, तेव्हां हातीं लागेल तें भोगून घ्यावें, असें एक पक्ष म्हणतो. सुख हाच बंध, म्हणून तें टाकावें, असें दुसरा पक्ष म्हणतो. या दोन टोकांच्या मध्यें 'बेतानें रहावें' हा व्यवहारी उपदेश घरोघरीं केला जातो, आणि युक्ताहारविहाराची महती मराठी कुटुंबांना नवीन नाहीं. परंतु बेत पाळणाऱ्याचें मन तृप्त असतेंच असें नाहीं. पथ्यावर असलेला रोगी पक्वान्नाच्या ताटाला हात लावीत नाहीं, पण दिवसभर चिंतन त्याचेंच करीत असतो. तेव्हां संयम आणि समाधान यांचा संबंध काय, हा खरा प्रश्न होय. ख्रिस्ती परंपरेंत ज्यांनीं या प्रश्नाचा कसोशीनें विचार केला, त्यांत संत ऑगस्टीनचें स्थान फार वरचें आहे.

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते या गांवीं झाला. तें स्थळ आज अल्जीरिया देशांत मोडतें. आई मोनिका श्रद्धाळु ख्रिस्ती होती. वडील मात्र आयुष्याच्या अखेरीस त्या धर्मांत आले. मुलगा बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी आणि सुखलोलुप निघाला. कार्थेज शहरीं वक्तृत्वशास्त्राचें अध्ययन करीत असतां त्याला नाटकांचा नाद लागला. तेथेंच एका स्त्रीबरोबर त्यानें विवाहावांचून संसार मांडला, आणि त्यांना एक मुलगा झाला. वयाच्या १९ व्या वर्षीं सिसरोचा एक ग्रंथ वाचून त्याच्या मनांत सत्यज्ञानाची ओढ उत्पन्न झाली. पण ओढ निराळी आणि संवय निराळी! पुढें सुमारें नऊ वर्षें तो मानी या धर्मसंस्थापकाच्या पंथांत वावरला. देह हें अंधाराच्या शक्तीचें कार्य, असें तो पंथ मानी. देहाची अशी निंदा रोज कानीं पडत असूनहि ऑगस्टीनची सुखासक्ति तिळमात्र उणी झाली नाहीं. सुखाला वाईट म्हटल्यानें मनुष्य त्याच्या तावडींतून सुटत नाहीं, याचा हा पहिला दाखला.

इ. स. ३८४ मध्यें तो मिलान शहरीं वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. तेथें असतां एकदां त्याला बादशहाच्या स्तुतिपर भाषण करावयाचें होतें. त्यांत पुष्कळ खोटें सांगावयाचें, आणि तें खोटें आहे हें जाणणाऱ्यांकडूनच वाहवा मिळवावयाची! या चिंतेनें ग्रासलेला असा तो मित्रांसह रस्त्यानें चालला असतां, दारूच्या नशेंत खुशीनें थट्टामस्करी करणारा एक भिकारी त्याला दिसला. ज्या सुखासाठीं आपण इतके श्रम करतों, तें या मनुष्यानें भिकेच्या चार पैशांत मिळविलें, असें ऑगस्टीनच्या मनांत आलें. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हता. पण विद्वानाची कीर्ति तरी कोठें खरी होती? शिवाय भिकाऱ्याची धुंदी त्याच रात्रीं उतरणार होती. विद्वान मात्र आपली धुंदी घेऊन रोज निजत होता आणि रोज उठत होता.

पुढें प्रतिष्ठित घराण्यांत त्याचा विवाह ठरला, आणि जिनें अनेक वर्षें सोबत केली त्या स्त्रीला आफ्रिकेंत परत जावें लागलें. तिनें पुन्हां कोणा पुरुषाचा संग न करण्याचें व्रत घेतलें. त्यानें मात्र, वधू अजून लहान म्हणून, दुसरी स्त्री जवळ केली. पहिलीच्या वियोगानें आपलें हृदय घायाळ झालें हें त्यानें पुढें लिहून ठेविलें. पण तिचें नांव त्याच्या लेखनांत कोठेंहि नाहीं. एकाच्या अनावर सुखेच्छेचें मोल पुष्कळदां दुसऱ्याला द्यावें लागतें, तें असें.

इ. स. ३८६ मध्यें मिलानच्या एका बागेंत हा अंतर्गत झगडा विकोपास गेला. शेजारच्या घरांतून, उचलून वाचावें अशा अर्थाचे बालस्वर कानीं आले, तेव्हां त्यानें पौलाच्या पत्रांचें पुस्तक उघडलें. दृष्टीस पडलेल्या वचनांत मद्यपान, विलास आणि कलह सोडून प्रभु येशू ख्रिस्ताला वस्त्राप्रमाणें परिधान करण्याची आज्ञा होती. तींत नुसतें टाकणें नव्हतें, धारण करणेंहि होतें. आणि नुसतें टाकणें तर त्याला इतकीं वर्षें कधीं साधलें नव्हतें. पुढल्या वर्षीं ईस्टरच्या सणास बिशप अँब्रोजच्या हस्तें त्यानें बाप्तिस्मा घेतला.

येथें कथा संपली असती, तर ती इतर चरित्रांसारखीच झाली असती. परंतु इ. स. ४०० च्या सुमारास, हिप्पो येथील बिशपपदावर असतां, त्यानें 'कन्फेशन्स' हा आत्मनिवेदनपर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या दहाव्या भागांत एकेका इंद्रियाची झडती घेतली. अन्न औषधासारखें घ्यावें, हा त्याचा नियम. पण भुकेच्या पीडेकडून तृप्तीच्या विसाव्याकडे जातांना वाटेवरच रुचीचा फांस मांडलेला असतो. आरोग्यासाठीं किती पुरे आणि जिभेसाठीं किती चाललें आहे, हें ठरवितांना मन लबाडी करतें, आणि ती लबाडी त्याला आवडतेहि! असें असूनहि कोणतेंहि अन्न त्यानें अपवित्र ठरविलें नाहीं. दोष वासनेचा, पदार्थाचा नव्हे, असें त्याचें मत. भजनांतील गोड स्वरांबद्दलहि तो असाच साशंक होता. अर्थापेक्षां गळ्यानेंच मन अधिक हललें, तर तें त्याला पाप वाटे. तरीहि प्रार्थनामंदिरांतील गायन चालूं ठेवावें, असाच त्यानें कौल दिला.

त्याचा शिष्य पोसिडियस यानें गुरूच्या घरची राहणी वर्णिली आहे. भोजनांत बहुधा भाजीपाला असे. पाहुण्यांसाठीं आणि आजाऱ्यांसाठीं प्रसंगीं मांस, आणि द्राक्षारस नेहमीं. चमचे चांदीचे, इतर पात्रें मातीचीं, लांकडाचीं किंवा संगमरवराचीं. वस्त्रें फार उंचीं नाहींत आणि फार हीनहि नाहींत. पाठीमागें निंदा करणाऱ्याला या पंक्तींत स्थान नाहीं, अशा आशयाचें पद्य मात्र मेजावर कोरलेलें होतें. मांसाला आणि द्राक्षारसाला तेथें अनुज्ञा होती. परनिंदेच्या चवीला मुळींच नव्हती.

या मर्यादेमागील तत्त्व त्यानें अन्यत्र विशद केलें आहे. कांहीं गोष्टी उपयोगासाठीं असतात, आणि ज्यांत मनानें विश्रांति घ्यावी तें एकच असतें, तें म्हणजे परमेश्वर. घरीं निघालेल्या प्रवाशाला गाडी लागते, नौका लागते. पण गाडीच्या डौलावर आणि वाटेच्या शोभेवर तो भुलून बसला, तर घर दुरावतें. पंढरीची वाट चालणाऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाहीं. मुक्काम रम्य असला तरी वारकरी सकाळीं पुढें निघतोच. मुक्कामाचा तिरस्कार म्हणून नव्हे, तर ओढ पुढची म्हणून.

ख्रिस्ती श्रद्धेंतील संयमाचें मर्म हेंच आहे. अन्न, संगीत, मैत्री, कीर्ति यांकडे अनंत तृप्ति मागितली, तर तीं ती देऊं शकत नाहींत, आणि न मिळाल्यानें मागणाराचा हव्यास वाढतो. ती मागणी देवाच्या दारीं नेली, कीं याच वस्तु हलक्या होतात आणि आपापलें लहान सुख निर्मळपणें देतात. संयम तृप्तीला जन्म देत नाहीं. तृप्तीचा आधार लाभला म्हणजे संयम सुसह्य होतो. हा आधार एकदां लाभला म्हणजे जागरूकता संपली, असें मात्र नव्हे. वर सांगितलेली इंद्रियांची झडती बाप्तिस्म्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळानें घेतलेली आहे.

इ. स. ४३० च्या ऑगस्ट महिन्यांत, व्हँडल टोळ्यांचा हिप्पोला वेढा पडला असतां, त्याला मृत्यु आला. अखेरच्या आजारांत पश्चात्तापाचीं स्तोत्रें भिंतीवर लावून तीं तो अश्रुपूर्ण नेत्रांनीं वाचीत असे. मृत्युपत्र त्यानें केलें नाहीं, कारण वांटून द्यावें असें जवळ कांहीं उरलें नव्हतें. ग्रंथालय मात्र पुढल्या लोकांसाठीं जपून ठेवावें, एवढेंच त्याचें सांगणें होतें.