वाचनालयाचा फॉर्म कोणाच्या फोनवर?

शेतात असाल, शिलाई मशीनवर असाल, भाकरी थापत असाल, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज बोलायचं आहे वाचनालयाच्या फॉर्मबद्दल. हल्ली बरीच वाचनालयं व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवतात, खाली लिहिलेलं असतं ‘आपले मत नोंदवा’. काही ठिकाणी हे काम बचत गटाकडे येतं, कारण बायकांपर्यंत पोचायचं तर गटासारखा जवळचा रस्ता नाही. आमच्याकडेही ते आलं.

कुणी म्हणेल, वाचनालयात देवघेवीची नोंदवही असते, मग हा खटाटोप कशाला? असते ना. पण पुस्तक कोणाच्या नावावर गेलं एवढंच ती सांगते. वाचलं कोणी, ते सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत सभासद असतो नवरा, नाहीतर मुलगा. पुस्तक त्याच्या नावावर घरी येतं आणि दुपारी भांडी आवरल्यावर वाचते त्याची आई. वर्षाच्या अहवालात ती कुठेच नसते. आणि जी कधी पायरीच चढली नाही, तिच्याबद्दल नोंदवही काय बोलणार? 1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे तिथं आपलाही पैसा आहे. तेव्हा आपलं मत सांगताना संकोच कशाचा?

फॉर्म तयार करणं अवघड नाही. गूगल फॉर्म फुकट आहे, करणारीचं जीमेल खातं असलं की झालं. मराठी टाइप होत नसेल तर कीबोर्डवरच्या माइकचं चिन्ह दाबून बोला, अक्षरं उमटतात. मग वाचून दुरुस्त करा, कारण तो माइक ‘वस्ती’चं ‘स्वस्त’ही करतो! लिहायला लावणारे प्रश्न कमी ठेवा, खूण करायचे जास्त. एकच उत्तर हवं असेल तिथं गोल खुणेचा प्रकार घ्या, अनेक चालत असतील तिथं चौकोनी. सगळे मिळून सात-आठ प्रश्न पुरेत. त्याहून लांब फॉर्म बाई अर्ध्यात सोडते, आणि तिचं काही चुकत नाही.

खरी मेहनत आहे ती प्रश्नाच्या शब्दांत. ‘वाचनालय उपयुक्त वाटते का?’ असं विचारलंत तर सगळ्या हो म्हणतील. नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा विचारा, मागच्या महिन्यात तुम्ही स्वतः किती वेळा गेलात? गेला नसाल तर का? पर्यायांत खरी कारणं घाला: वेळ जुळत नाही, वस्तीवरून लांब पडतं, तिथं सगळे पुरुष बसलेले असतात, अनामत भरायला जमत नाही, हवं ते पुस्तक नसतं, वाचता येत नाही. हा शेवटचा पर्याय पुष्कळजण गाळतात. तो असायलाच हवा, आणि त्याच्यापुढे ‘कुणी वाचून दाखवलं तर यायला आवडेल’ हाही हवा. वेळेचं विचारताना नुसतं घड्याळ पुरत नाही. पुष्कळ वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, म्हणजे नेमकी पाणी भरायच्या आणि चूल पेटवायच्या वेळी. म्हणून ‘दुपारी जेवणं उरकल्यावर’ असा पर्याय द्या. सुगीत आणि ऊसतोडीच्या दिवसांत सगळंच बदलतं, तेव्हा कोणत्या महिन्यांत जमतं तेही विचारा.

आता मला जास्त बोलायचं आहे ते फोनबद्दल. वाचनालय लिंक पाठवतं ती सभासदाच्या नंबरवर. तो फोन कोणाचा? घरात स्मार्टफोन एकच, तो कॉलेजातल्या मुलाकडे, नाहीतर नवऱ्याच्या खिशात. फॉर्म भरतो तो, आणि ‘महिला’ या रकान्यावर खूण करून आईच्या वतीने उत्तरंही देतो. प्रेमाने देत असेल, पण ती उत्तरं तिची नाहीत.

आणि बाई स्वतः भरायला बसली तरी एक अडचण राहते. समजा प्रश्न आहे, कोणत्या विषयाची पुस्तकं हवीत? एखादीला वारसा हक्काबद्दल वाचायचं असतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झाली. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदाही त्याच वर्षीचा. एखादीला पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासाबद्दल वाचायचं असतं. फॉर्मवर पहिलाच रकाना नावाचा, दुसरा मोबाईल नंबरचा, आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात दीर बसलेला! ती काय लिहील? ‘पाककृती’. मग मंडळ म्हणणार, बायकांना पाककृतीच लागतात, बघा, फॉर्ममध्येच आलंय.

म्हणून या फॉर्मवर नाव नको, नंबर नको. वय विचारायचं तर गट करून विचारा. वाडी-वस्ती विचारा, पण जिथं चारच घरं आहेत ती वस्ती शेजारच्या वस्तीशी जोडून टाका, नाहीतर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवा. ‘एकीला एकच उत्तर’ हे चालू केलं की गूगल प्रत्येकीला तिच्या खात्यात शिरायला सांगतं, तेही नको. उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवायची एक सोय असते, ती बंद आहे ना हे बघून घ्या. उत्तरांचा तक्ता कोणी उघडायचा हे आधी ठरवा. आमच्याकडे ग्रंथपाल आणि मी, दोघंच.

भरून घेण्याचं काम आम्ही गटाच्या बैठकीत केलं. बचत जमा झाली की अर्धा तास त्यासाठी. वेळेचे, अंतराचे प्रश्न मोठ्याने विचारून एकेकीचं उत्तर फोनवर भरलं. हवं ते पुस्तक मात्र चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. जिला लिहिता येत नाही तिने बाहेर येऊन माझ्या कानात सांगायचं. मागाहून चिठ्ठ्या उलटसुलट करून मी त्या वेगळ्या फॉर्ममध्ये भरल्या. गटांत नसलेल्या बायका राहिल्याच; अंगणवाडीताई आणि आशाताईंनी त्यांतल्या काहींकडे फोन नेला. म्हणून मंडळापुढे मांडताना ‘गावातल्या बायका म्हणतात’ असं आम्ही म्हटलं नाही, ‘उत्तर दिलेल्या बायका म्हणतात’ असं म्हटलं. फॉर्म आपोआप गोल तक्ते रंगवून देतो, ते बघून माणूस लगेच हुरळतो. जिच्यापर्यंत पोचलोच नाही ती त्या रंगांत नसते.

त्यातून निघालं काय? आम्हाला वाटलं होतं दुपारची वेळ मागतील. मागितली, पण त्याहून जास्त वेळा आला बाजाराचा दिवस. वस्तीवरच्या बायका गावात येतात त्या आठवडे बाजाराला, आणि वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी नेमकी त्याच दिवशी. वर्षानुवर्षं! कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, मंडळातल्या लोकांनाही त्या दिवशी बाजार करायचा असतो एवढंच.

फॉर्म करण्याआधी आम्ही मंडळाला एक गोष्ट विचारून घेतली होती: तुम्ही काय बदलायला तयार आहात? इमारत हलणार नाही, अनामत ठरलेली आहे, असं ते म्हणाले. वेळ, सुट्टी आणि पुढची पुस्तक खरेदी यांवर ऐकू म्हणाले. मग तेवढंच विचारलं. जे बदलायचंच नाही ते विचारून बायकांचा वेळ का घ्यावा?

सुट्टी आता दुसऱ्या दिवशी गेली आहे, तीन महिन्यांसाठी, करून बघू म्हणून. ती रद्द केलेली नाही, कारण ग्रंथपालही तुटपुंज्या पगारावर राबणारा माणूस आहे. चिठ्ठ्यांतल्या विषयांची यादी खरेदीसाठी दिली आहे, आणि तीच यादी, नावांशिवाय, वाचनालयाच्या फळ्यावर लावली आहे. पहिल्या ओळीत वारसा हक्क आहे. त्या फळ्यापुढे उभं राहून मंडळातल्या एकाने मला विचारलं, हे कोणी मागितलं? मी म्हटलं, उत्तर दिलेल्या बायकांनी. या बाजाराला आलात की पिशवी घेऊनच आत या.