नाकातला वाकडा पडदा

एखाद्याचे नाक सदा चोंदलेले असले की आपल्याकडे म्हणतात, "त्याच्या नाकाचं हाड वाढलंय." मीही तीसएक वर्षे तसेच समजत होतो. आठव्या वर्षी खेळताना विटी नाकावर बसली आणि पुढे डावी नाकपुडी कायमची अडली. तास घेताना चार वाक्ये झाली की धाप लागे. रात्री माझ्या घोरण्याने घरच्यांची झोप मोडे. अखेर डॉक्टरांनी सांगितले, "वाढलेलं काही नाही, मधला पडदा कलला आहे."

हा पडदा मागे पातळ हाडाचा, पुढे कूर्चेचा; कानाच्या वरच्या भागात बोटाला लागते तीही कूर्चाच. पडदा अगदी सरळ असलेला माणूस विरळाच! म्हणून वाकडेपणा हा रोग नव्हे. श्वास अडतो का, ते पाहायचे. काही तासांनी नाकपुड्या आळीपाळीने थोड्या चोंदतात, ते स्वाभाविक आहे. थंड स्टीलचे ताट नाकाखाली धरून पाहा, वाफेचे दोन डाग उमटतील. नेहमी एकच डाग अगदी लहान येत असेल तर नाक डॉक्टरांना दाखवावे.

शस्त्रक्रिया नाकपुडीतूनच होते. पडद्यावरचे अस्तर उचलून आतला वाकडा भाग काढतात किंवा सरळ बसवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी कूर्चा बरीच काढून टाकीत, त्याने क्वचित नाक खचे. आता ती होईल तेवढी राखतात. रक्तस्राव, पडद्याला भोक पडणे हे धोके मला आधीच सांगितले होते. प्रत्यक्षात त्रास झाला तो नाकातल्या बोळ्यांचा. तोंडाने श्वास घेत भाकरी खाऊन पाहा म्हणजे कळेल! श्वास मोकळा झाला. शिंका मात्र राहिल्या. धुळीचे वावडे शस्त्रक्रियेने जात नाही.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी थोडे. मुलाच्या नाकाला मार लागला, रक्त थांबले, म्हणून त्याला लगेच वर्गात बसवू नका. बॅटरीच्या उजेडात दोन्ही नाकपुड्या पाहा. आत मधोमध लालसर, मऊ फुगवटा दिसला किंवा नाक चोंदत गेले, तर पडद्यात रक्त साकळले असण्याचा संभव आहे. कूर्चेचे पोषण अस्तरातून होते. ते सुटले की थोड्याच दिवसांत कूर्चा मरते आणि नाक बसते. माझ्या आईने हळद लावून वाट पाहिली. तिला बिचारीला कोण सांगणार? तुम्ही मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि दुसऱ्या दिवशीही नाक पुन्हा पाहा. फुगवटा कधी कधी उशिरा येतो.