अपंग जवान आणि पुराव्याचा भार
(दिंडोशी येथील भाषणाचा सारांश)



दिंडोशीपासून फार दूर नसलेल्या कांदिवलीत लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो आहे. भांडार म्हटले की मालाची आवकजावक आणि मोडतोड वहीत नोंदविली जाते. जवानाच्या देहाची सेवेत जी मोडतोड होते, तिचा हिशेब कोणी मांडायचा? अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न या एका सवालात सामावला आहे.

नियम वरवर सरळ दिसतो. अपंगत्व किमान 20 टक्के असावे आणि ते सैन्यसेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले असावे. वाद पेटतो तो दुसऱ्या अटीवर. गोळीने पाय गेला तर कारण डोळ्यांना दिसते. फेफरे वा मनोविकार जडला की पुष्कळदा 'सेवेशी संबंध नाही' असा वैद्यकीय मंडळाचा शेरा पडतो, आणि तो खोडून काढण्याचे ओझे घरी परतलेल्या माणसावर येते.

धरमवीरसिंग 1985 साली भरती झाले आणि 1994 साली फेफऱ्याच्या विकारामुळे सेवामुक्त झाले. अपंगत्व 20 टक्के ठरले, निवृत्तिवेतन मात्र नाकारले गेले. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर तो माणूस निरोगी होता असेच धरले पाहिजे. संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, आणि मंडळाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत. हा न्याय पदरात पडायला एकोणीस वर्षे लागली.

रक्कम तरी केवढी? शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के. वेतन 40,000 रुपये धरले, तर 20 टक्के अपंगत्वाला दरमहा 2,400 रुपये पडतात. 20 टक्के हे 50 धरण्याची सवलत मिळाल्यास 6,000. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत 10 डिसेंबर 2014 च्या रामअवतार निकालाने मिळाली. दावा फेटाळल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारी अंदाजपत्रकातून निघून पत्नीच्या कष्टांवर आणि मुलांच्या शिक्षणावर जाऊन बसतो.

म्हणून कागद सांभाळणे हे कुटुंबाचे पहिले काम होय. भरतीच्या वेळची तपासणी आणि वैद्यकीय मंडळाची संपूर्ण कार्यवाही यांच्या प्रती मागून घ्याव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घ्यावे. नकार आल्यास अपील करावे, आणि तेथेही दाद न लागल्यास 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावे. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. सप्टेंबर 2023 मध्ये नियम बदलले. त्यानंतर सेवा सोडणाऱ्यांनी आपल्याला कोणते नियम लागू होतात, हे आधी पाहावे.

जवानाने आपले आरोग्य राष्ट्राच्या हवाली केले. त्याची भरपाई हे दान नव्हे, देणे आहे. ऋणकोने धनकोकडेच पुरावा मागत बसावे, हा कोठला न्याय?