आकाशवाणीचा प्रवासी आणि आमच्या दुपारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जगप्रवासाविषयी मी चार शब्द सांगावेत असा निरोप आला, तेव्हा मला हसू आवरेना. माझा सर्वांत लांबचा प्रवास काशीपर्यंतचा, तोही यात्रेच्या मोटारीतून. पण भिगवणला राहून प्रवाशांची ओळख नाही असे तरी कसे म्हणावे? दर हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब काठाकाठाने चरतात. त्यांना पाहायला पुण्यामुंबईची मंडळी दुर्बिणी घेऊन येतात आणि त्यांना भाकरी-मासळी वाढायला आपल्यातल्याच कितीतरी जणी उभ्या असतात. जग पाहायला गेलो नाही, तरी जगाला जेवू घालतोच!

मला आज सांगायचे आहे ते पु. ल. देशपांडे यांच्याविषयी. नाटककार, विनोदी लेखक म्हणून ते घरोघर ठाऊक आहेत. पण ते आकाशवाणीचे नोकर होते, हे आपण विसरतो. पुण्याचे केंद्र 1953 साली सुरू झाले आणि 1955 साली पु. ल. आकाशवाणीत आले. पुढे शिक्षणासाठी त्यांना लंडनला बी. बी. सी. मध्ये धाडण्यात आले. 1959 साली दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत ते होते. म्हणजे परदेशप्रवास त्यांना घडला तो श्रीमंतीमुळे नव्हे, कामामुळे घडला. त्या प्रवासाची हकीकत ‘किर्लोस्कर’ मासिकात आली आणि 1960 साली ‘अपूर्वाई’ हे पुस्तक झाले. शि. द. फडणीसांची चित्रे त्यात आहेत. एकदा लागलेले वेड मग सुटले नाही. 1963 साली पूर्वेकडच्या देशांचे ‘पूर्वरंग’ आले, 1974 साली ‘जावे त्यांच्या देशा’ आले. पन्नाशीच्या माणसाने शांतिनिकेतनात जाऊन विद्यार्थ्यासारखी बंगाली गिरवली, हाही मी प्रवासच समजते.

प्रवासवर्णने मराठीत आधी नव्हती असे नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेची लोकस्थिती 1889 सालीच लिहिली, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. अनंत काणेकर हे पत्रकार. त्यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ 1940 सालचे. पण पु. लं.चे पुस्तक कानांनी वाचता येते. याचे कारण मला रेडिओत दिसते. रेडिओवर बोलणाऱ्यापुढे सभा नसते. कुठल्याशा स्वयंपाकघरात भाकरी थापत एखादी बाई ऐकत असते आणि तिला कळेल असे बोलावे लागते. ती सवय त्यांच्या लेखणीत उतरली. लंडन-पॅरिसची माहिती त्यात आहेच. पण तिथे बावचळलेला, भुकेजलेला, घरच्या चवीला आसुसलेला माणूस अधिक आहे.

हे मी अनुभवाने सांगते. 1968 साली लग्न होऊन मी या भागात आले. माझा भाऊ बारामतीला शिक्षक होता. त्याने दिवाळीला लुगड्याऐवजी ‘अपूर्वाई’ दिली. घरात कुजबुज झाली. सासूबाई मात्र म्हणाल्या, “आणलंच आहे तर वाच मोठ्याने.” त्यांना अक्षरओळख नव्हती. दुपारी शेंगा फोडता फोडता आमचे वाचन चाले. विलायतेतली थंडी ऐकून त्या पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेत, आणि तेही वैशाखात!

एके दिवशी त्यांनी मला मध्येच थांबवले. “हे सगळं खरं. पण तिकडं यांची धुणी कोण धुतं?”

मी पाने उलटून पाहिली. मला उत्तर सापडले नाही. सुनीताबाई बरोबर होत्या. पुस्तकात त्या जागोजाग भेटतात आणि पु. ल. त्यांची थट्टाही प्रेमाने करतात. पण बोलणारे तेच, आणि आपण हसतो ते त्यांच्याबरोबर.

पुढे उजनीचे पाणी चढू लागले. आमचे घर, विहीर, देवळाचा पार, सारेच त्यात जाणार होते. सासूबाईंच्या आयुष्यातला मोठा प्रवास तो एवढाच: बैलगाडीतून नव्या गावठाणापर्यंत, पाचेक मैलांचा. त्या गाडीत बसून मागे वळून पाहत नव्हत्या. पुस्तक ज्वारीच्या पोत्यात खुपसले होते. पोते भिजले, त्याचा डाग पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर अजून आहे. नव्या घरात कितीतरी दिवस आम्ही ते उघडले नाही. ज्याला परतायला घर आहे त्यालाच प्रवासाचे कौतुक, असे तेव्हा मला वाटे. आजही ते पुरते चूक वाटत नाही.

1990 साली सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले. मी ते दोन रात्रीत वाचले. पु. लं.ना मोकळेपणी लिहिता, गाता, हिंडता यावे म्हणून व्यवहाराचा केवढा भार त्यांनी उचलला, ते त्यांनी स्पष्ट लिहिले आहे, आणि नवऱ्याचे दोषही झाकलेले नाहीत. काहींना ते रुचले नाही. मला मात्र शेंगांचे सूप आणि ती दुपार आठवली. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर बावीस वर्षांनी टपालाने आल्यासारखे झाले. पण त्या तोवर निवर्तल्या होत्या. पु. ल. 2000 साली गेले, सुनीताबाई 2009 साली.

गेल्या वर्षी नातीने मला पारपत्र काढायला लावले. छायाचित्रात मी फार रागावलेली दिसते. कोठे जायचे ते ठरलेले नाही; ती जपान म्हणते, मी लंडन म्हणते. गेले तर माझी धुणी मीच धुणार आहे, हे तिला आधीच सांगून ठेवले आहे.

‘अपूर्वाई’ची ती डागाळलेली प्रत आणि ‘आहे मनोहर तरी’ ही दोन्ही पुस्तके आज मी मंडळाच्या कपाटाला देत आहे. ती शेजारी शेजारीच ठेवावीत, ही विनंती. ‘पूर्वरंग’ही दिले असते, पण ते आपल्यापैकीच कोणीतरी वाचायला नेले आहे. नाव घेत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना घेऊन यावे.