गवताचा हिशेब



दुष्काळ पडला की धान्याचा हिशेब होतो, पाण्याच्या टँकरचा होतो; गवताचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. माणदेशातील शेतकऱ्याला विचारले तर तो सांगेल की, चाऱ्याचा भाव चढू लागला की त्याच आठवडी बाजारात जनावराचा भाव कोसळू लागतो. या कात्रीत प्रथम सापडतो तो अल्पभूधारक आणि भूमिहीन. जमिनीची वाटणी या देशात जितकी विषम आहे तितकी पशुधनाची नाही; म्हणूनच गवताचा प्रश्न हा गरिबांच्या मालमत्तेचा प्रश्न आहे.

हवेतील कर्बवायू वाढल्याने वनस्पती जोमाने वाढतील, असा युक्तिवाद काही विद्वान करतात. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२० च्या पुढे गेला आहे. गहू-भातास त्याचा काही लाभ होतोही. परंतु दख्खनच्या माळावरील पवन्या, मारवेल, कुसळ आणि आपली ज्वारीही हा वायू पानांत मुळातच साठवून वापरतात. त्यांना जादा वायूचे फारसे अप्रूप नाही. पर्णरंध्रे आकसल्याने थोडे पाणी वाचते, एवढे श्रेय त्या युक्तिवादास द्यावे. उलट उष्णता वाढली की गवत लवकर निसवते, काड्या राठ होतात, प्रथिने घटतात. भारा तेवढाच, कस कमी!

खरा घाव आहे पावसाच्या लहरीचा. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. मुरमाड माळावर वीतभर माती. एका दिवसात कोसळलेले पाणी ती धरून ठेवू शकत नाही. पुढे तीन आठवड्यांची उघडीप. त्यातच चराईचा ताण असला की बहुवर्षायू पवन्या-मारवेल मागे हटतात आणि एका हंगामात बी टाकून मोकळी होणारी कुसळी माळ व्यापते. माळ हिरवा दिसतो, पण तिची कुसळे मेंढरांच्या तोंडात रुततात.

तथापि सगळे खापर आभाळावर फोडणे हा राज्यकर्त्यांचा सोयीचा मार्ग आहे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि ऊस आला, तेव्हा कडबा गेला. तो निर्णय हवामानाचा नव्हे, भावाच्या धोरणाचा होता. गायरानांवर अतिक्रमणे झाली; ती हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०११ साली द्यावा लागला. २०१५ साली बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. थकल्या बैलाच्या वैरणीची तरतूद मात्र त्याच्या मालकाच्याच माथी राहिली. २०१८-१९ च्या दुष्काळात छावण्या निघाल्या, त्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी. तेथे उसाचे वाढे दिले जाई; त्यातील ऑक्झलेट शरीरातील चुना बांधून टाकते, त्यामुळे केवळ वाढ्यांवर जनावर फार काळ पोसता येत नाही.

रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ साली केला. त्या कामांत रस्ते झाले, पाझर तलाव झाले. कुरणे मात्र उपेक्षितच राहिली. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मागणी करावी ती अशी: गायरानाचा काही भाग पावसाळ्यात चराईस बंद ठेवावा, तेथे मारवेलाची ठोंबे लावण्याचे काम मजुरीवर काढावे, दिवाळीच्या सुमारास गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा, आणि उरलेल्या गंजी उन्हाळ्यासाठी गावाच्या मालकीच्या ठेवाव्यात. या व्यवस्थेत कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या कळपांची वाट अडणार नाही, हेही त्याच ठरावात लिहून घ्यावे.