घरातली सोळा-सतरा मिनिटे : स्वागताध्यक्षीय भाषण



सेरेब्रल पाल्सी असलेली मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी भरलेल्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने वसई-विरार नगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. जव्हार, मोखाडा, तलासरीहून पहाटेच्या अंधारात मुलांना घेऊन निघालेल्या आयाबापांचे स्वागत थोडे अधिक आपुलकीने करते.

प्राचीन शूर्पारक बंदर, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला, आगाशी-अर्नाळ्याच्या बागायती ही आमच्या भूमीची जुनी ओळख. २००९ मध्ये इथे महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेतच शहराने बारा लाखांचा टप्पा ओलांडला होता. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईसाठी या शहराची ओळख एकच, विरार लोकल. मुंबईत परळ किंवा हाजीअलीच्या रुग्णालयात मुलाला थेरपीला न्यायचे, तर मूल कडेवर घेऊन गाडी पकडायची, पुढे बस किंवा टॅक्सी करायची, नंबर लावायचा, अर्ध्या तासाची थेरपी घ्यायची आणि तितकाच प्रवास करून परतायचे. मूल सहा-सात वर्षांचे झाले की उचलवत नाही. घर तिसऱ्या मजल्यावर असते, लिफ्ट नसते. मग खाडे होऊ लागतात आणि एक दिवस थेरपीच सुटते. आजची परिषद भरवण्यामागचे कारण हेच आहे.

जन्मलेल्या हजार बाळांमागे साधारण दोन-तीन बाळांना सेरेब्रल पाल्सी असते. गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होऊन मुलाच्या हालचालींवर परिणाम होतो, तो हाच विकार. कधी बाळ अपुऱ्या दिवसांचे असते, कधी मेंदूला प्राणवायू कमी पडतो, कधी तीव्र कावीळ मेंदूपर्यंत पोहोचते. आईच्या हातून काही चुकले म्हणून हे झालेले नाही आणि ही कुठली बाहेरची बाधाही नाही. मेंदूची इजा वाढत जात नाही, पण मूल वाढते तसे ताठर स्नायू आखडतात, खुब्याचे सांधे सरकू शकतात. म्हणून ‘मोठा झाला की आपोआप चालेल’ हा सल्ला घातक आहे. चार महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरत असेल, तर थांबू नका. आता सहा महिन्यांच्या आतही निदान होऊ शकते.

निदानानंतर घरी काय करायचे? ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सेरेब्रल पाल्सी असलेली शाळकरी वयाची ३६ मुले त्यात होती. त्यातल्या काही मुलांसाठी थेरपिस्टने पालकांबरोबर बसून घरी करायच्या सरावाचा कार्यक्रम ठरवला. पालकांनी तो महिन्यातून सरासरी सतरा-अठरा वेळा, दर वेळी सोळा-सतरा मिनिटे केला. आठ आठवड्यांत त्या मुलांची हालचाल आणि रोजची कामे, घरचा कार्यक्रम नसलेल्या मुलांपेक्षा लक्षणीय सुधारली. वाडीला आठवड्यातून एकदा पाट सोडून भागत नाही, वरचेवर थोडे शिंपावे लागते, तसेच हे आहे.

मात्र ती मिनिटे कशी घालवायची, याला महत्त्व आहे. आपण मुलाचे हातपाय ताणत राहायचे आणि मुलाने छताकडे बघत पडून राहायचे, याने कौशल्य येत नाही. मुलाला जे करावेसे वाटते ते त्याने स्वतः, पुन्हा पुन्हा करून पाहिले की मेंदू शिकतो.

नालासोपाऱ्यातल्या एका खोलीत मी हे पाहिले. पाच वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने वरणभात खायचा होता. आईने तिला भिंतीच्या कोपऱ्यात लाकडी पाटावर बसवले, पाठीला दोन्हीकडून आधार, पावले जमिनीला सपाट टेकलेली. समोरचा चौरंग कोपराच्या उंचीचा. ताटाखाली ओले फडके, म्हणजे ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला सुती चिंधी गुंडाळून तो जाड केलेला, म्हणजे मूठ बसते. पहिले तीन घास सांडले. आईचा हात पुढे आला आणि तिने तो मागे घेतला. चौथा घास तोंडात गेला. या सगळ्याला एका पैशाचाही खर्च नव्हता. थेरपिस्टने शिकवलेले मात्र होते.

अशा साध्या गोष्टी पुष्कळ आहेत. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तर मुलाला कडेवर पाय फाकवून घेण्याची आपली जुनी रीत उपयोगी पडते. आडवे झोपवून भरवू नये, ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. मालिशने मुलाला बरे वाटते, पण जोर लावून सांधे ओढू नयेत. कोणत्या मुलाला काय झेपेल हे थेरपिस्टनेच ठरवावे, कारण दोन मुले सारखी नसतात.

आणि बाबांनो, हे काम एकट्या आईचे नाही. तिला मुलाला नुसते मांडीवर घेऊन गाणे म्हणायलाही वेळ मिळाला पाहिजे. संध्याकाळची सोळा मिनिटे तुमची असू द्या.

मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीला, मालिनीला, शिकवणारी शाळा हवी म्हणून. पुढे मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करून आपले आत्मचरित्र लिहिले. एका आईच्या आग्रहातून संस्था उभी राहिली, इथे तर शेकडो आया बसल्या आहेत.

हक्कही मागून घेऊ या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, त्या दिवशी मूल दाखवाच.

महापालिकेला आमची विनंती आहे की प्रत्येक प्रभागात, रिक्षाच्या अंतरावर, तळमजल्यावर एक थेरपी केंद्र द्या. थेरपिस्टांना विनंती आहे की मुलावर उपचार करताना आईवडिलांचे हातही तयार करा. आणि पालकांनो, आज इथून जाताना मुलाला शिकायची असलेली एकच गोष्ट ठरवून जा आणि उद्यापासून ती सुरू करा.