प्लेग, चाळ आणि कायदा



साथीच्या रोगाला गरीब-श्रीमंत कळत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. जंतूला ते कळत नसेलही. पण त्याच्या वाटेवर कोणी राहायचे हे समाजच ठरवीत असतो. मुंबईच्या प्लेगचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात या रोगाचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, कोठारांत उंदीर, आणि त्यांना लागूनच माणसांनी गच्च भरलेल्या खोल्या. उंदरांवरील पिसवांमधून प्लेग माणसात येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली दाखविले. ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकारने उंदरांना मोकळे सोडून माणसांना धरले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, तेव्हा त्याला अडाणीपणा म्हटले गेले. मला तसे म्हणवत नाही. घरातला कमावता माणूस उचलून नेला जाई, तो बहुधा परत येत नसे आणि मागे राहिलेल्यांचे कपडेलत्ते जाळले जात. याला औषधोपचार कोण म्हणेल?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. मोजक्या कलमांचा, पण त्यातले एक कलम असे की, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. पुण्यात रँडने काय केले आणि २२ जून १८९७ ला काय घडले, ते आपणांस पाठ आहे. त्याच पुण्याजवळ, यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आणता आणता सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या, हे मात्र आपण फार उशिरा आठवू लागलो.

पुढे १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. रोगाला नवी जागाच मिळाली म्हणा ना!

हाच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. धारावीत एका खोलीत आठ-दहा माणसे आणि शौचालय साऱ्या गल्लीचे. ‘घरीच राहा’ या आज्ञेला तिथे अर्थ काय उरला? ज्यांची मजुरी बुडाली ते चालत गावाकडे निघाले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. टाळेबंदीच्या काळातली मजुरी मालकांनी द्यावी, असा केंद्र सरकारचा २९ मार्चचा आदेश होता. तो त्याच मे महिन्यात मागे घेतला गेला. सप्टेंबरात या जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा आली, ती योग्यच होती. कोंडलेल्यांच्या भाड्याविषयी आणि भाकरीविषयी तीत एकही कलम नव्हते.